मेमरीची वहिवाट

भगवंततात्यांनी आयुष्यात एकही गोष्ट मोकळी सोडली नाही.

मंचरच्या कांदा-बटाटा संघात त्यांची काट्याची खोली होती. खोलीत दोन खुर्च्या. एकीवर तात्या बसत. दुसरीवर त्यांची पिशवी बसे. आलेला माणूस उभा राही. टेबलाला तीन खण होते. एकात पावतीपुस्तकं, दुसऱ्यात डबा. तिसऱ्यात काहीच नव्हतं. त्या खणाला कुलूप होतं.

"तात्या, रिकाम्या खणाला कुलूप?" कोल्ड स्टोरेजचा संपत हसून विचारी.

"रिकामा हाय म्हणूनच," तात्या म्हणत. "भरलेल्याला कोण हात लावतंय?"

लोक हसत. तात्या हसत नसत. त्यांना ते अकरा गुंठ्यांनी शिकवलं होतं.

महाळुंगे पडवळला ओढ्याच्या काठाशी त्यांचा अकरा गुंठ्यांचा तुकडा होता. संघात नोकरी लागली तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते. सकाळी सायकलवर मंचर, संध्याकाळी परत. तुकड्याकडे बघायला वेळ होईना. एक वर्ष तो पडीक राहिला. दुसऱ्या वर्षी चुलतभाऊ बहिरूनं तिथं कडब्याची गंज रचली. तात्यांनी विचारलं नाही. भावाची गंज, कुठं विचारायचं? तिसऱ्या वर्षी गंजीशेजारी म्हैस आली. चौथ्या वर्षी लिंबाची दोन झाडं. पुढं तिथं म्हशीसाठी लावलेला घास दिसायला लागला. तलाठ्यानं पीकपाहणीला बहिरूचं नाव घातलं. १९९९ साली मोजणी आली तेव्हा बहिरू खुंटीजवळ उभा राहिला आणि म्हणाला, "वहिवाट माजी हाय. पावण्यांनो, कुणालाबी इचारा."

पावण्यांनी विचारलं. गावानं खरं ते सांगितलं. आठ वर्षं तिथं बहिरूच दिसत होता.

तात्या घरी आले. जेवले नाहीत. बायकोला, ठमाबाईला, एवढंच म्हणाले, "त्यानं कायबी चोरलं न्हाई. म्याच वापरलं न्हाई."

त्या दिवसापासून ते वापरायला लागले. गरज असो, नसो. चार हिस्सेदारांच्या विहिरीवर त्यांची पाळी सोमवारी आणि गुरुवारी असे. भर पावसाळ्यात, वावर चिंब असतानाही, पाळीच्या दिवशी ते मोटर सुरू करत. पाणी बांधावरून ओढ्यात जाई.

"वल्या वावरात पाणी कशापायी?" ठमाबाई कपाळाला हात लावी.

"पाळी आपली हाय."

"आवं पर इहिरीतच ऱ्हायलं तर कोण नेतंय?"

"आज न्हाई नेत. म्होरं म्हंतील, ह्याला लागतंच न्हाई."

ठमाबाई चुलीकडे वळे. तिचं माहेर बोरी बुद्रुकचं. तिकडं कालवा होता, माणसं जरा सैल होती. ह्या माणसाला ती अख्ख्या संसारात सैल करू शकली नव्हती.

एक मात्र सांगायला हवं. काट्यावर तात्यांचा हात साफ होता. तराजूच्या पारड्यापासून त्यांनी काम धरलं होतं. मग लोखंडी काटा आला, मग ट्रकसकट वजन करणारा भुईकाटा. इतक्या वर्षांत त्यांच्या वजनाला कुणी हरकत घेतली नाही. भरलेल्या गाडीतून रिकामी गाडी, पोत्यांचं बारदान, सगळं वजा करून उरतं ते खरं, असं ते म्हणत. हिशेब जुळला नाही तर ते जेवत नसत.

२००६ साली संघानं मोठं मशीन घेतलं. पुण्याहून दोन माणसं आली आणि मुख्य ऑफिसच्या मागच्या खोलीत एक काळी पेटी बसवून गेली. पेटी एकच, पण तिच्या आत तीन मशीन असल्यासारखी चालायची. एक काट्याचं, एक कोल्ड स्टोरेजचं, एक सभासद-नोंदणीचं. प्रत्येक खात्याच्या टेबलावर नुसता पडदा आणि कीबोर्ड. खरं काम मागच्या खोलीत. त्या खोलीला एसी होता. संघाच्या अध्यक्षांनाही नव्हता.

दोन वर्षांनी, २००८च्या पावसाळ्याअगोदर, ती पेटी सांभाळायला अमृता आली. ती बोरीचीच. तिचे वडील हनुमंत पोस्टात होते. आजोबांच्या पिढीत घर बौद्ध झालेलं. मुलगी जुन्नरला शिकली, मग पुण्याला. करार सहा महिन्यांचा. नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी सभा बसायची होती. ठेवायचं की काढायचं, ते त्या सभेत.

"बोरीची ना ती?" संपत एकदा चहा पिता पिता म्हणाला. "हनुमंताची. मग काय."

मग काय म्हणजे काय, ते त्यानं सांगितलं नाही. वाक्य पुरं करायची गरज तिथं कुणालाच वाटली नाही. तात्यांनाही नाही.

तात्यांची धाकटी मुलगी अक्षदा कॉम्प्युटर शिकत होती. एका रविवारी तिनं बापाला तीन बटणं एकदम दाबायला शिकवली. ती दाबली की पडद्यावर यादी येई. आत कोण कोण चालू आहे आणि कोण किती मेमरी खातंय.

"मेमरी म्हंजे?" तात्यांनी विचारलं.

"मशीनला काम करायला लागणारी जागा, तात्या. टेबलासारखी. जेवढं मोठं टेबल तेवढे कागद एकदम पसरता येतात."

"आणि आपलं टेबल केवढं?"

"एक हजार चोवीस."

तात्यांनी आकडा लक्षात ठेवला. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी ते यादी उघडायचे आणि पेन्सिलीनं बेरीज करायचे. वजनाचा प्रोग्राम एवढा, छपाईचा एवढा, किरकोळ एवढं. खाली एकूण वापर लिहिलेला असे. बेरीज आणि एकूण यांत थोडा फरक पडे. तो त्यांना चालत असे. बारदानाइतका फरक असतोच.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात फरक वाढला.

बेरीज आली दोनशे नव्वद. खाली एकूण वापर लिहिला होता आठशे चाळीस.

तात्यांनी पुन्हा बेरीज केली. मग पावतीच्या पाठीवर मोठ्या अक्षरात केली. साडेपाचशेचा फरक होता. यादीतला कुणीही ते खात नव्हता. आणि तरी ते गेलं होतं.

एवढं बारदान नसतं.

ते उठले. काट्यावर एक ट्रॅक्टर उभा होता. "थांब रं जरा," म्हणून ते मागच्या खोलीकडे गेले. खोलीबाहेर चपला काढायची पाटी होती. त्यांनी काढल्या नाहीत.

"मॅडम, माज्या मशीनमधलं साडेपाचशे कुठं गेलं?"

अमृतानं वर पाहिलं. ती दचकली नाही, आणि तेच तात्यांना खटकलं.

"फुग्यात गेलं, तात्या."

"काय म्हन्लीस?"

"तुमच्या मशीनमध्ये एक छोटा प्रोग्राम बसवलेला आहे. त्याला फुगा म्हणतात. दुसऱ्या कुणाला जागा कमी पडली की तो तुमच्यात फुगतो. तुमची रिकामी जागा अडवून धरतो आणि खाली मोठ्या पेटीला परत देतो. पेटी ती दुसऱ्याला देते."

"कुणाला?"

"आत्ता कोल्डला. बटाट्याचं बेणं निघतंय ना. संपतभाऊंकडं दिवसाला हजार-हजार गेटपास. तुमच्याकडं ऑक्टोबरात गाड्या किती येतात?"

"त्ये माजं मी बघीन. मला इचारलं का?"

"तात्या, ती जागा तुम्ही वापरत नव्हता."

 हेच तात्यांनी नऊ वर्षांपूर्वी मोजणीच्या खुंटीजवळ ऐकलं होतं, फक्त शब्द वेगळे होते.

अमृतानं त्यांना खुर्ची दिली. ते बसले नाहीत. तिनं समजावून पाहिलं. म्हणाली, "कोल्ड स्टोरेजमध्ये रॅक असतात ना. तुमच्या नावाच्या रॅक रिकाम्या, आणि दुसऱ्याचे बटाट्याचे कट्टे बाहेर उन्हात. मग आपण ते तुमच्या रॅकवर ठेवतो. तुमचा माल आला की काढून देतो. तसंच आहे."

"आन् त्यो म्हन्ला, रॅक माजी?"

"रॅक त्याची नाही. तुमचीही नाही. संघाची आहे."

"अकरा गुंठंबी देवाचंच व्हतं," तात्या म्हणाले आणि निघाले. अमृताला काहीच कळलं नाही.

त्या दुपारी ते अध्यक्षांकडे गेले. सोमाजीआप्पा सत्तरीचे होते. धोतर, कोट, कानात अत्तराचा बोळा. पेटीतलं त्यांना काही कळत नव्हतं आणि ते तसं सांगतही असत.

"आप्पा, ती पोरगी माज्यातलं काढून दुसऱ्याला देती."

"काय काढती?"

"मेमरी."

आप्पांनी विचार केला. "सभेत बघू," ते म्हणाले.

तात्यांना सभेपर्यंत थांबायचं नव्हतं. तीन आठवडे म्हणजे तीन आठवड्यांची वहिवाट. उद्या कोण विचारील, कुणाची जागा? संपत म्हणेल, मीच तर वापरतोय, कुणालाही विचारा.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ चाळीसला ते खोलीत आले आणि दार आतून लावून घेतलं. मशीनमध्ये जुन्या कॉम्प्युटरवरून उतरवलेल्या, २००३पासूनच्या वजनांच्या फाइली होत्या. जुन्या पावत्यांचे फोटो होते. त्यांनी सगळं उघडलं. एकामागून एक. २००३चा मार्च, एप्रिल, मे. २००४. २००५. पडद्याच्या तळाशी उघड्या फाइलींची रांग लागली. रांग बारीक होत गेली, शेवटी नुसत्या रेघा दिसायला लागल्या. मग त्यांनी यादी काढली आणि बेरीज केली.

नऊशे सत्तर.

ते मागं टेकून बसले. बऱ्याच दिवसांनी त्यांना चहा गोड लागला.

रोज सकाळी तेच. रात्रीत ज्या फाइली बंद पडत त्या पुन्हा उघडायच्या. संध्याकाळी जाताना मशीन तसंच चालू ठेवायचं. मध्ये तीनचार वेळा मशीन अडखळलं. वजनाची पावती निघायला वेळ लागला. तात्यांनी ट्रॅक्टरवाल्याला सांगितलं, "मागच्या खोलीतून अडिवत्यात." आणि त्यांचा त्यावर विश्वास होता.

मग ऑक्टोबरचा शेवटचा सोमवार आला.

लागवडीची घाई होती. सकाळपासून कोल्ड स्टोरेजच्या दारात माणसांची गर्दी. सातगावच्या पठारापासून घोडेगावापर्यंतचे लोक बेणं न्यायला आलेले. हमालांनी थंड खोलीतून कट्टे काढून ओट्यावर रचले. आता गेटपास निघायचे आणि गाड्या भरायच्या.

गेटपास निघेना. संपतच्या पडद्यावर वाळूचं घड्याळ फिरत राहिलं. काट्यावरही तेच. सभासद-नोंदणीतही तेच. तिन्ही मशीन एकदम बसली. अमृता मागच्या खोलीत एकटीच काहीतरी दाबत होती. ओट्यावर ऊन आलं. थंडीतून काढलेल्या कट्ट्यांना घाम फुटला. गोणपाट ओलं झालं. एका म्हाताऱ्यानं कट्ट्याच्या शिवणीतून बोट घालून बटाटा चाचपला आणि बोट हुंगलं.

"ह्ये लावू का फेकू?" तो म्हणाला.

अडीच वाजता मशीन चालू झाली. तोवर दोनशे कट्टे उन्हात होते. लोक बोलायचं ते बोलले. संपत त्यांच्यात मिसळला आणि मागच्या खोलीकडे हात करून म्हणाला, "आमचं काय चालतंय? तिकडं मॅडम हायेत."

म्हाताऱ्यानं विचारलं, "कुनाची पोरगी?"

संपतनं सांगितलं. म्हाताऱ्यानं मान हलवली.

तात्यांनी हे सगळं काट्याच्या खिडकीतून पाहिलं. त्यांना वाटलं, बघा. मी सांगत होतो. मग त्यांची नजर आपल्या पडद्याच्या तळाशी गेली. त्या बारीक रेघा.  मग त्यांनी खिडकी लावून घेतली.

गुरुवारी दुपारी अमृता काट्याच्या खोलीत आली. हातात एक कागद. कागदावर रेघ काढलेली, डोंगरासारखी. आडवी चालत येणारी आणि एका जागी एकदम उभी चढणारी.

"तात्या, रोज सकाळी पावणेनऊच्या सुमाराला तुम्ही काय उघडता?"

"मी? काय न्हाई. आपलं रोजचं काम."

ती टेबलाला वळसा घालून आली. पडदा समोर होता. तिनं तळाची रांग पाहिली. तात्यांनी हात पुढं केला, पण पडद्यावर कुठं हात ठेवायचा ते त्यांना कळेना.

तिनं काही विचारलं नाही. त्यांच्याकडे पाहिलं. रागानं नाही. लांबचं नीट दिसावं म्हणून माणूस डोळे बारीक करतो, तसं. मग कागद घेऊन निघून गेली.

तात्यांनी दार आतून लावून घेतलं.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती गप्प का बसली? शनिवारी तिची सभा. तिच्या हातात कागद. आणि ती गप्प. म्हणजे हिला काहीतरी हवंय. हे धरून ठेवील. आज नाही, वर्षानं मागील. म्हणेल, तात्या, माझं एवढं करा. मग म्हणेल, तेवढं करा. आपल्या डोक्यावर गंज रचून ठेवील आणि आठ वर्षांनी म्हणेल, वहिवाट माझी.

शुक्रवारी सकाळी त्यांनी कँटीनवाल्या भिकाबरोबर मागच्या खोलीत चहा पाठवला.

भिका परत आला. "पेल्या."

"काय म्हन्ल्या?"

"काय न्हाई. कप दिला."

"हसल्या का?"

"चहा पिताना कोन हसतंय, तात्या?"

तात्यांना काहीच कळेना. चहा पिते, म्हणजे सौदा मान्य आहे? की चहा म्हणून चहा? घरी आल्यावर त्यांनी ठमाबाईला सगळं सांगितलं. पहिल्यांदाच सांगितलं. ठमाबाई भाकरी थापत होती. तिनं ऐकून घेतलं.

"मंग सांगून टाका की सभेत."

"म्या?"

"न्हाईतर तिला जाऊ द्या. तिची नोकरी गेली की संपलं. तिचा कागद कोन बघतंय?"

 ती हे मुद्दाम म्हणाली की खरंच म्हणाली, ते तात्यांना समजलं नाही. ठमाबाईचं तोंड तव्याकडं होतं.

त्यांनी रात्रभर विचार केला. जाऊ द्यावं? गेली तर संपलं, हे खरं. पण संपलं कसं? बोरीला ती राहीलच. ठमाबाईचं माहेर तिथं. लग्नकार्याला जाणं-येणं होणारच. एसटी स्टँडवर ती दिसेल आणि डोळे बारीक करून बघेल. आणि तिला माहीत असेल. बहिरूला निदान अकरा गुंठे मिळाले. हिच्याकडं अख्खा भगवंत असेल.

शनिवारी अकराला सभा बसली. लांब टेबल, प्लॅस्टिकचा टेबलक्लॉथ, केळी आणि वेफर. सोमाजीआप्पांच्या समोर एक निळी फाइल होती. अमृता भिंतीजवळच्या स्टुलावर बसली होती. तिला टेबलाशी बोलावलं नव्हतं.

"सोमवारचं काय ते सांगा," आप्पा म्हणाले.

"अहवाल फाइलमध्ये दिलाय, आप्पा," अमृता म्हणाली.

आप्पांनी फाइलीवर हात ठेवला. उघडली नाही. "तोंडानं सांगा."

संपत मध्येच बोलला. "सांगायचं काय त्यात? दोनशे कट्टं उन्हात पडलं. मशीन कुनाच्या ताब्यात हाय? करार संपतोय. पुन्याचा एखादा चांगला पोऱ्या बघू." आजूबाजूला दोघातिघांनी माना हलवल्या.

अमृतानं तोंड उघडलं. तात्यांनी ते पाहिलं. त्यांच्या मनात एकदम आलं, आता ही सांगणार. मग आलं, नाही सांगणार. जपून ठेवणार. जन्मभर. आणि दुसरी भीती पहिलीपेक्षा मोठी निघाली.

ते उभे राहिले. खुर्ची मागं पडली.

"मी उघडत व्हतो," ते म्हणाले.

"काय?" आप्पांनी कानामागं हात धरला.

"फाइली. समद्या. २००३पासनं. रोज सकाळी. तिनं माजी मेमरी घेतली व्हती, म्हून मी भरून टाकली. कामाची नव्हती. पर सोडली असती तर गेली असती. म्हून अडवून धरली. त्याच्यानं पेटी बसली." मग ते अमृताकडे वळले. त्यांचा आवाज चढला. "घे. झालं? आता तुज्यापाशी कायबी न्हाई माजं."

अमृता बघतच राहिली.

 संपतच्या हातातलं केळ अर्धं सोललेलं तसंच राहिलं. आप्पांनी चष्मा लावला आणि शेवटी फाइल उघडली. पहिलं पान उलटलं. दुसरं पान त्यांनी हळूहळू, ओठ हलवत वाचलं.

"हितं लिवलंय की," ते म्हणाले. "काट्याच्या मशीनवर रोज सकाळी आठ चाळीसला... सगळंच लिवलंय. गुरुवारची तारीख हाय."

त्यांनी पान तात्यांसमोर सरकवलं. तोच डोंगर. खाली चार ओळी. कोणाचं नाव नव्हतं. खातं होतं, वेळ होती, कारण होतं. तात्यांच्या खोलीतून निघून ती थेट जाऊन हे लिहीत बसली असणार. लपवलं नव्हतं. धरून ठेवलं नव्हतं. दोन दिवस फाइल आप्पांच्या टेबलावर होती आणि एकानंही पान उलटलं नव्हतं.

तात्या खाली बसायला गेले. खुर्ची नव्हती. कोणीतरी सरकवली.

"ह्ये आदी सांगायचं ना, मॅडम," आप्पा म्हणाले.

"आधीच दिलं होतं, आप्पा."

आप्पा खाकरले. सभेनं बराच वेळ घेतला. संपतचं म्हणणं होतं, की चूक काट्याची असली तरी पेटी बसेपर्यंत मॅडम काय करत होत्या? त्याचं ओझं राहिलं. ठरलं ते असं : भगवंततात्यांना समज. दोनशे कट्ट्यांचं बेणं संघानं बदलून द्यावं. अमृताला आणखी तीन महिने. पुढचं पुढं.

सोमवारी अमृता काट्याच्या खोलीत आली. दुसऱ्या खुर्चीवर पिशवी होती. ती उभीच राहिली आणि वाकून एकेक फाइल बंद करायला लागली. २००३चा मार्च गेला. एप्रिल गेला. तात्या पडद्याकडे असे बघत होते जसं कोणी घरातली भांडी बाहेर काढतंय.

"मला विचारायचं होतं," ती हात न थांबवता म्हणाली. "शनिवारी तुम्ही का बोललात?"

"तुज्यासाठी न्हाई," तात्या म्हणाले.

"ते कळलं मला."

फाइली संपल्या. तात्यांनी यादी काढली, पेन्सिल घेतली. दोनशे ऐंशी. त्यांच्या डोळ्यांसमोर खालचा आकडा हळूहळू वर चढायला लागला. कोणी काही उघडत नव्हतं. फुगा फुगत होता. जागा संपतकडे चालली होती. बाहेर कोल्डच्या ओट्यावर कुणीतरी नाव पुकारलं, गेटपास घ्या म्हणून.

"गेली," तात्या म्हणाले.

"वापरात नव्हती, तात्या."

"मार्चात कांदा येईल. तवा मला पायजेल."

"परत मिळेल. तुमचं काम वाढलं की फुगा आपोआप बसतो."

"आपोआप म्हंजे? कोन देनार?"

"कोणी नाही. आपोआप."

तात्यांना हे मुळीच आवडलं नाही. बहिरूचं नाव घेऊन शिव्या तरी देता येत होत्या. इथं घेणारा कोणी नाही, देणारा कोणी नाही. उद्या नाही मिळाली तर कुणाच्या दारात जाऊन उभं राहायचं?

"आन् न्हाई बसला फुगा तर?"

"तर मी आहे ना. मी बघीन."

"तू कवाधरनं?" तात्या म्हणाले, आणि मग थांबले. "तू कवापातूर हायेस?"

"तीन महिने. फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत."

तात्यांनी बोटांवर मोजलं. नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी. कांदा मार्चात. मध्ये एक महिना मोकळा.

ती गेली.  एक ट्रॅक्टर काट्यावर येऊन हॉर्न वाजवत होता. तात्यांनी वजन घेतलं, पावती फाडली, ट्रॅक्टरवाल्याच्या हातात दिली. मग कोरा कागद घेतला. त्यांचं अक्षर मोठं आणि सरळ होतं. अर्ज एका दमात लिहिला, खाली सही केली आणि स्वतः जाऊन सोमाजीआप्पांच्या हातात दिला. टेबलावर ठेवला नाही. आप्पा वाचेपर्यंत समोर उभे राहिले.

आप्पांनी ओठ हलवत वाचलं.

"काटा खात्याची साडेपाचशे मेमरी सध्या कोल्ड स्टोरेजकडे गेलेली आहे. ती मार्चमध्ये परत घ्यावयाची आहे. ती कोठे कोठे गेली हे फक्त सौ. नव्हे कु. अमृता हनुमंत यांनाच माहीत आहे. तरी सदर बाईंना माल परत मिळेपर्यंत कामावरून हलवू नये. त्यानंतर दर ऑक्टोबरला मेमरी पुन्हा जाणार असल्याने त्यांना कायमच करावे, ही विनंती."

आप्पांनी चष्म्यावरून पाहिलं. "भगवंता, इस्वास बसला व्हय रं तिच्यावर?"

"न्हाई," तात्या म्हणाले. "म्हून तर ती हितंच पायजे."